पाण्यात घालू नकोस

आधी अक्कांचं सांगतो, मग काय झालं ते. उलट सांगितलं की ऐकणारा कासवातच अडकतो आणि अक्का राहून जातात. हे दोन-चारदा झालंय माझ्याकडून.

अक्का ओरत्तनाडूच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होत्या. माहेर तंजावूरचं, राजवाड्यामागच्या गल्लीतलं. घरात मराठी, बाहेर तमिळ, दवाखान्याच्या रजिस्टरात इंग्रजी, आणि बोलताना तिन्हींची चाल एकच. 'मला'च्या जागी 'मज', 'तुला'च्या जागी 'तुज', 'आहे'च्या जागी 'अहे'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, बाई आता टाळ मागणार.

मी कोल्हापूरकडचा. सातवीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली, आणि डिझेल इंजिनच्या वर्कशॉपात लागलो. बावीस-तेवीस वर्षांचा असताना पंपसेट बसवणाऱ्या एका कंत्राटदाराबरोबर कावेरीच्या मुलखात आलो. त्या वर्षांत सगळीकडे नवीन काहीतरी उघडत होतं, चौकाचौकांत एसटीडीची बूथं, घराघरावर डिशच्या छत्र्या. आमचा कंत्राटदार मात्र एका हंगामात दुकान बंद करून नाहीसा झाला. मी ओरत्तनाडूच्या बसस्टँडवर काविळीनं पडलो होतो आणि तापात "आई गं, आई गं" करत होतो. लोक येत होते, जात होते. अक्का थांबल्या.

"कोण रे तू? कुठचा?" मराठीत. मला वाटलं तापच बोलतोय.

तीन आठवडे त्यांच्या घराच्या ओट्यावर होतो. पातळ ताकभात त्या स्वतः आणून ठेवायच्या. बरा झालो तेव्हा म्हणाल्या, "घरी जातोस?" मी मान खाली घातली. गावी तोंड घेऊन जाण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी मला पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे, समुद्रकाठच्या एका गावात पाठवलं. त्यांच्या शेजारणीचा भाऊ तिथे नाववाला होता. "तिथेही इंजिनं अहेत," म्हणाल्या. "बिघडतातही."

नाववाल्याला मी अण्णा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला अण्णी; ते मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. गावात सगळे मला 'बॉम्बे मिस्त्री' म्हणत. मी मुंबई बघितली नव्हती, पण ते कुणाला सांगणार? माझं तमिळ तेव्हा जेवण, नटबोल्ट आणि शिव्या एवढंच होतं.

तो समुद्र आमच्या कोकणासारखा नाही. लाट नसते, रंग मातकट हिरवा, आणि अर्धा कोस आत गेलात तरी पाणी छातीएवढं. तळाशी गवत. खरोखरचं गवत, पातीचं, प्रवाहाबरोबर वाकणारं. त्यात खेकडे, झिंगे, माशांची पिल्लं वाढतात आणि मोठी हिरवी कासवं चरायला येतात, अगदी म्हशीसारखी. पूर्वी ती कापून खात. मग एक वर्ष असं आलं की मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी त्या गवतावरून जाळी ओढली आणि मागे नुसता चिखल राहिला. गावानं त्यांच्याशी बोलणी सुरू केली, गवतावर येऊ नका म्हणून. ट्रॉलरवाले हसले. म्हणाले, आधी तुम्ही कासवं खायची सोडा, मग आम्हाला शिकवा.

म्हणून गावानं स्वतःला नियम घातले. गवताच्या कडेनं काठ्या रोवल्या, त्यांना ताडाच्या झावळ्या बांधल्या. काठ्यांच्या आत इंजिनचा पंखा पाण्यात नको. आमच्या नावांना मागे दीड माणूस लांब लोखंडी शाफ्ट असायचा आणि त्याच्या टोकाला पंखा. दांडा खाली दाबला की शाफ्ट पाण्याबाहेर येतो. काठ्या आल्या की शाफ्ट वर करायचा आणि बांबूनं नाव ढकलत गवत पार करायचं. आणि दुसरा नियम, सगळ्यांत कडक: ज्या नावेच्या हातून कासव मरेल, ती नाव तीन महिने वाळूवर उलटी. कुणाचीही असो. असं एकदा झालं होतं, गावच्या पुढाऱ्याच्याच पुतण्याची नाव. त्या घरानं ते तीन महिने कसे काढले हे अण्णी मला भांडी घासताना सांगायच्या, आणि सांगताना आवाज खाली आणायच्या.

आता माझी चूक.

अण्णांच्या इंजिनच्या पिस्टनला मी नव्या रिंगा बसवल्या होत्या. दोन दिवस खपलो होतो. आमच्या वर्कशॉपात उस्तादानं एक गोष्ट कानाला धरून शिकवली होती: नव्या रिंगांचं इंजिन बिनलोड, म्हणजे भार नसताना, पळवायचं नाही आणि पहिला तासभर बंद करायचं नाही. रिंगा आत घासून नीट बसायच्या आधी बंद केलंस तर सगळी मेहनत पाण्यात. सकाळी आम्ही दोघं चाचणीला निघालो. इंजिन असं गोड चाललं होतं की मी त्याच्याकडेच बघत होतो, समुद्राकडे नाही.

झावळ्या आल्या. पुढे बसलेल्या अण्णांनी हात वर केला. "तंबी, शाफ्ट वर घे."

"अण्णा, आत्ता नको. हळू नेतो. वर घेतला तर मोकळं पळेल, खराब होईल."

"नियम आहे रे."

"दोन मिनिटं अण्णा. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मला आजही ऐकू येतं. अण्णा भल्या स्वभावाचे. माझ्या कामावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी हात खाली घेतला.

काठ्यांच्या मध्यावर इंजिन कण्हलं. दाबल्यासारखं, मग धाप लागल्यासारखं, आणि बंद. मला एकच सुचलं: रिंगा जाम झाल्या. मी हँडल मारलं. इंजिन अर्धं फिरून थांबलं. पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा जोर लावून मारलं तेव्हा नाव एका बाजूला ओढली गेली, आणि अण्णा ओरडले, "थांब, थांब! खाली काहीतरी आहे!"

अण्णांनी उडी मारली. पाणी त्यांच्या छातीएवढं. हातानं चाचपलं आणि त्यांचा चेहराच बदलला. कुठल्या तरी ट्रॉलरच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा एका कासवाच्या पुढच्या पायात अडकलेला होता. तो आमच्या शाफ्टला गुंडाळला गेला होता आणि कासव पंख्यापाशी घट्ट बांधल्यासारखं पाण्याखाली. प्रत्येक हँडलला मी ते आणखी आवळलं होतं. तीनदा.

सुरी एकच होती. नायलॉन कापायला किती वेळ लागला माहीत नाही. वर घेतलं तेव्हा त्याची मान लोंबत होती. कवच मोठ्या परातीएवढं, जखम कुठे नाही, फक्त पायाला वळ. डोळे उघडे आणि त्यांत काही नाही.

अण्णांनी सुरी पुसून ठेवली. मग म्हणाले, "अण्णीला मी सांगीन. तू गप्प राहा."

किनाऱ्यावर पोचेपर्यंत पंधरा-वीस माणसं जमली होती. काठ्यांच्या अलीकडेही बांबूनंच ढकलत येणारी नाव दिसली की गावाला कळतं. एक म्हातारी पुढे आली, वाकली, कासवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. बाकीचे ओरडायला लागले. "पाण्यात घाला आधी! समुद्राचं जनावर आहे ते, कोरडं का ठेवलंय?" बर्फाच्या शेडमागे सिमेंटची टाकी होती. पोरं घागरी घेऊन धावली. गावचे पुढारी, त्यांना नाट्टार म्हणत, लुंगी सावरत आले आणि अण्णांना म्हणाले, "जिवंत आहे का?"

"माहीत नाही."

"संध्याकाळी उन्हं उतरली की बसू. तोवर जगलं तर जगलं. नाहीतर तुला ठाऊक आहे."

अण्णी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. हातातलं सूप तसंच धरून उभ्या राहिल्या.

मी सायकल घेतली आणि बूथकडे सुटलो. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या सगळ्या मुलखात माझी भाषा कळणारं एकच माणूस होतं, आणि ते जनावरांच्या दवाखान्यात होतं. फोन लागेना. लागला तेव्हा शिपाई तमिळमध्ये काहीतरी विचारत राहिला, मी नुसतं "अक्का, अक्का" करत होतो.

शेवटी अक्का फोनवर आल्या. "हां, बोल. रडू नकोस, बोल."

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे.

"हे बघ, मज कासवाचं काही ठाऊक नाही. कधी हात लावला नाही. पण श्वास घेतं ना ते? वर येऊन नाक काढतं?"

"होय."

"म्हणजे फुफ्फुस अहे. गाईसारखंच. कालव्यात बुडालेलं वासरू काय करतो आपण? पाण्यात घालतो परत?"

"नाही."

"मग पाण्यात घालू नकोस. ऐकलास? कोणी काही म्हणो, पाण्यात घालू नकोस. पोटावर ठेव, मागची बाजू उंच कर, तोंड खाली. आतलं पाणी उतरू दे. सावलीत. ओलं गोणपाट घाल अंगावर, नाकावर नको. मी येते."

"अक्का, मेलं असेल तर?"

"तर ते पाण्यातही मेलेलंच राहील. जा आता."

परत आलो तेव्हा चार जण कासवाला टाकीच्या काठावर उचलून धरून होते. मी सायकल टाकली आणि मध्ये घुसलो. तमिळ येत नव्हतं तर हातानं, डोक्यानं. "वेंडाम! तण्णी वेंडाम!" पाणी नको, पाणी नको, एवढंच येत होतं.

"ह्याला वेड लागलंय," एक जण म्हणाला. "आधी मारलं, आता वाळवतोय."

"बॉम्बेला कासवं सुकवून खात असतील."

लोक हसले. मला ते हसणं कळलं, शब्द अर्धेच. "डॉक्टरम्मा," मी म्हटलं. "डॉक्टरम्मा येतायत." अक्का डॉक्टर नव्हत्या, पण गावात अण्णांच्या बहिणीमुळे त्यांना त्याच नावानं ओळखत. नाट्टारनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "माझी नाव आहे. तो म्हणतो तसं करू दे."

माझ्याच्यानं अण्णांकडे बघवेना.

बर्फाच्या शेडच्या सावलीत कासव पोटावर ठेवलं. मागच्या बाजूखाली सायकलचा जुना टायर, त्यावर आणखी एक. तोंडातून पाणी आलं, थोडं फेसाळ, मग थांबलं. गोणपाट भिजवून घातलं, नाक उघडं ठेवलं. मग बसलो. दहा वाजले असतील.

वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आजारपणात बघितलेली वाट वेगळी, ती आपल्यासाठी असते. मी कासवाच्या नाकासमोर कोंबडीचं पीस धरून बसलो होतो. पीस हलायचं, तो वारा असायचा. मी सावलीसाठी लावलेला पत्र्याचा आडोसा नीट करायचो, पुन्हा पीस धरायचो. म्हातारी तासाभरानं यायची आणि म्हणायची, "अजून टाकी भरलेली आहे, तंबी." ती वाईट नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मी त्याला तहानेनं मारतोय. आणि तिचंच बरोबर असलं तर? अक्कांनी स्वतःच सांगितलं होतं, मज ठाऊक नाही म्हणून. वासरावरून कासवाचा निवाडा. दुपारी एकदा तर मी उठून गोणपाट काढलंसुद्धा, दोन्ही हात कवचाखाली घातले. टाकी वीस पावलांवर होती. "पाण्यात घालू नकोस" हे मग मी मोठ्यानं म्हटलं, स्वतःलाच, आणि खाली बसलो.

अक्का दोन बस बदलून अडीच वाजता आल्या. हातात रबरी बूट, काखेत छत्री, कपाळाला घाम. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही. वाकल्या, बोटानं कासवाच्या डोळ्याच्या कडेला हलकेच स्पर्श केला. काही नाही. शेपटीला चिमटा. काही नाही.

"किती वेळ झाला?"

"सकाळपासून."

"हं." मग कवचाच्या दोन्ही कडा धरून त्यांनी ते हळूहळू डोलवलं, एका बाजूनं वर, मग दुसऱ्या. पाळणा हलवावा तसं. पुन्हा थोडं पाणी आलं. "इकडे धर. तू हलव. मी थकले की तू, तू थकलास की मी."

म्हातारी तमिळमध्ये म्हणाली, "डॉक्टरम्मा, तुम्ही शिकलेल्या. समुद्राच्या जिवाला पाण्यात न घालता तुम्ही वाचवणार?"

"आजी, तुझ्या नातवाला पाण्यातून काढला तर परत पाण्यात घालशील का जरा बरं वाटेपर्यंत?"

म्हातारीनं पुन्हा टाकीचं नाव काढलं नाही. पण निघूनही गेली नाही. पदर डोक्यावर घेऊन शेजारी बसली.

चारच्या सुमाराला लोक जमायला लागले. नाट्टार वाळूत बसले. सगळ्यांचा बसायचा गोल कासवाभोवतीच झाला, कारण सावली तिथेच होती. नाट्टारनी अण्णांना विचारलं, "शाफ्ट का खाली होता?"

अण्णा उभे राहिले. "माझं चुकलं. मी वर घ्यायला सांगितलंच नाही."

मला तेवढं तमिळ कळत होतं. डोलवता डोलवता माझे हात थांबले. अक्का माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांनी काही सुचवलं नाही. मला अजून वाटतं की त्यांनी तोंड उघडलं असतं तर मी त्यांच्याआड लपलो असतो.

"नाही," मी म्हटलं. "अण्णांनी सांगितलं. दोनदा. मी ऐकलं नाही. मी." आणि छातीवर हात आपटला, कारण पुढचे शब्द येत नव्हते. मग मराठीतच बोलत सुटलो, रिंगा, लोड, बंद करायचं नाही, उस्ताद, तीन हँडलं, सगळं. अक्का एकेक वाक्य तमिळमध्ये सांगत गेल्या. न गाळता. तीन हँडलंही.

कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीला इंजिन प्यारं, आम्हाला समुद्र." कुणी हसलं नाही.

नाट्टारनी अण्णांना विचारलं, "खोटं का बोललास?"

"नाव माझी आहे," अण्णा म्हणाले.

"होय. म्हणून तीच उलटी होणार."

अण्णी घराच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तिथेच खाली बसल्या.

त्याच वेळी अक्का म्हणाल्या, "गप्प." आवाज चढवला नाही, पण गोलातला प्रत्येक जण गप्प झाला. त्यांचं बोट कासवाच्या डोळ्यापाशी होतं. पुन्हा स्पर्श केला. पापणी आली. अर्धी. गेली.

"मज दिसलं," त्या मला म्हणाल्या, जणू मी खोटं म्हणालो होतो. "तुज दिसलं का?"

"दिसलं."

त्यानंतरही कितीतरी वेळ काही नाही. उन्हं शेडच्या दुसऱ्या खांबापर्यंत गेली. नाट्टार उठले नाहीत, म्हणून कुणीच उठलं नाही. आणि मग कासवानं मान पुढे काढली, जबडा उघडला आणि श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. फाटक्या भात्यासारखा, म्हाताऱ्या माणसानं उठताना काढावा तसा. मग पुन्हा बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

म्हातारीनं माझ्या पाठीत एक धपका घातला. चांगला जोरात.

नाट्टारनी निकाल दिला. कासव जगलं, तेव्हा नाव सुलटी राहील. पण शाफ्ट खाली होता हे खरं. तेव्हा पुढचं वर्षभर, दर अमावस्येनंतर प्रवाहानं हललेल्या काठ्या काढून पुन्हा रोवायचं आणि नव्या झावळ्या बांधायचं काम मिस्त्रीचं. एकट्याचं. "म्हणजे गवत कुठे संपतं ते त्याच्या पायांना कळेल." मी मान हलवली. त्या वर्षी दोनदा माझ्या पायात पाकट माशाचा काटा शिरला, आणि मी एकदाही कुरकुर केली नाही, हे इथे लिहायला हरकत नसावी.

अक्का त्या दिवशी अण्णींकडेच राहिल्या. "आज सोडायचं नाही," त्यांनी सांगितलं. "डोकं स्वतः उचलून धरू दे आधी." सकाळी त्यांनी रबरी बूट घातले, आणि आम्ही चौघांनी कासव उचलून गुडघाभर पाण्यात नेलं. हात सोडले तेव्हा ते जागीच राहिलं. मग पुढचे दोन्ही पाय एकदम मारले, आमच्या तोंडावर मातकट पाणी उडवलं आणि गवताच्या दिशेनं गेलं. काही अंतरावर नाक वर काढलं. श्वास ऐकू आला नाही, फक्त दिसला.

अक्का पाण्यात उभ्या राहून बघत होत्या. लुगड्याचा काठ भिजलेला.

"चरतात म्हणे गवतावर?" त्यांनी विचारलं.

"होय अक्का. ऊन वर आलं की नावेतून खाली बघायचं. गाई सोडल्यासारखी दिसतात."

"तीस वर्षं गाईगुरं बघितली. समुद्र एवढा जवळ, पण नावेत कधी बसले नाही मी." मग लगेच म्हणाल्या, "आज नको. तुझा शाफ्ट वाकलाय, आणि मज रजा नाही. काल न सांगता आले, डॉक्टर ओरडतील."

ओरडले. लेखी उत्तर द्यावं लागलं, हे मला शेजारणीकडून कळलं, पुष्कळ उशिरा. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पुढे त्यांची बदली झाली, मग निवृत्ती, मग मुलाबरोबर चेन्नई. मी सहा वर्षांनी गावी आलो, स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. दिवाळीला फोन करतो. गुडघे दुखतात म्हणतात. प्रत्येक वेळी फोन ठेवताना धास्ती वाटते की पुढच्या वेळी कोण उचलेल.

म्हणून हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. अक्का, मी येणार आहे. चेन्नईहून तुम्हाला गाडीनं नेईन, नावेत चढताना हात धरीन, खाली गादी घालीन. काठ्या आल्या की शाफ्ट वर घेईन आणि बांबूनं नाव ढकलत तुम्हाला गवतावर नेईन. तुम्ही फक्त खाली बघायचं.